घरातील अनेक संगणक आणि विंडोजचा परवाना

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, आपण विकत घेतो असे म्हणतो. प्रत्यक्षात हाती येतो तो केवळ वापराचा परवाना. सायबरएज योजनेच्या काळात गोव्यातील अनेक घरांत पहिला संगणक आला. आज त्याच घरांत तीन-चार यंत्रे असतात आणि नव्या आवृत्तीसाठी एकच परवाना सर्वांना पुरेल काय, अशी विचारणा होते. विंडोजपुरते उत्तर बहुधा नकारार्थी आहे. परवाना यंत्रागणिक असतो, घरागणिक नव्हे.

त्यातही भेद आहे. कारखान्यातूनच यंत्रासोबत आलेला, ‘ओईएम’ म्हणून ओळखला जाणारा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो व यंत्राबरोबरच संपतो. स्वतंत्रपणे घेतलेला ‘रिटेल’ परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, परंतु पहिल्यावरून काढल्यानंतरच.

एकेकाळी कुटुंबासाठी वेगळी सोय होती. २००९ मध्ये विंडोज ७ चा तीन यंत्रांसाठीचा फॅमिली पॅक काही देशांत विकला गेला. त्याच वर्षी अ‍ॅपलने स्नो लेपर्ड पाच मॅकसाठी ४९ डॉलरना दिली. २०१३ पासून तर मॅकची नवी आवृत्ती विनामूल्यच मिळते.

सध्याचा खरा पेच विंडोज १० चा आहे. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पात्र यंत्रावर विंडोज ११ विनामूल्य चढवता येते. त्यासाठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुने यंत्र या कसोटीला उतरत नसेल, तर नवा परवाना घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. अडचण परवान्याची नसून यंत्राची असते.

अशा यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अद्यतने देऊ केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. शुल्क एकदाच ३० डॉलर. संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवल्यास तेही लागत नाही. विशेष म्हणजे येथे हिशेब खात्याचा आहे: एका खात्यावर १० यंत्रांपर्यंत ही सोय चालते. म्हणून घरातील प्रत्येकाने निरनिराळे शुल्क भरण्याचे कारण नाही. कार्यालयाच्या डोमेनला जोडलेली यंत्रे मात्र यातून वगळली आहेत.

काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’पासून सावध राहिलेले बरे. त्यांतील कित्येक कंपन्यांना दिलेल्या घाऊक परवान्यांतून फुटलेल्या असतात. प्रणाली सुरू झाली म्हणून परवाना मिळाला असे होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसल्यास न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते.

खर्चच नको असेल, तर उबुंटू किंवा सी-डॅकची ‘बॉस’ या लिनक्स प्रणाली कितीही यंत्रांवर विनामूल्य बसवता येतात. केवळ विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर घरी वापरात आहे काय, एवढे आधी पाहावे.