लाकडी तट

अथेन्सच्या सभेत, प्निक्स टेकडीच्या खडकावर, तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. ऊन डोक्यावर, शेजाऱ्याच्या तोंडाला लसणाचा वास. डेल्फीहून परतलेले दूत अपोलोचा कौल वाचून दाखवताहेत. इराणचा राजा झर्क्सिस अथेन्सवर चालून येतोय. पहिला कौल ‘पळा’ असाच होता. मग ऑलिव्हच्या फांद्या हाती धरून, काकुळतीला येऊन, त्यांनी हा दुसरा मागून आणला.

लाकडी तट तेवढा अभंग राहील, असं देव म्हणतो. शिवाय दिव्य सालामिस, ते जवळचं बेट, बायकांच्या लेकरांचा घास घेईल, पेरणीला नाहीतर सुगीला. (वेळेतही पळवाट ठेवलीच!)

पण कोणाची लेकरं? तुमची, की इराण्यांची? अशा दुहेरी बोलण्याला ग्रीकांत ‘आम्फिबोलिया’ म्हणतात. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल ती तर्काच्या फसवणुकींत मोजेल. आज मात्र तिच्यावर गावाचा जीव टांगलाय.

काही म्हातारे म्हणतात, तट म्हणजे अक्रोपोलिस टेकडीचं जुनं काटेरी कुंपण. कौल उलगडणारे म्हणतात, सालामिसला लढलात तर मेलात, मुलूखच सोडा. मग थेमिस्टोक्लीस नावाचा पुढारी उठतो. तट म्हणजे जहाजं, आणि मरणार आपण असतो तर देवानं सालामिसला ‘निर्दय’ म्हटलं असतं, ‘दिव्य’ कशाला? युक्तिवाद वकिली आहे, तुम्हालाही कळतं. पण लॉरियमच्या खाणीतली चांदी माणशी 10 द्राख्मा वाटून न घेता जहाजांत घालायला यानंच लावलं होतं. जहाजं आधी बांधली, कौलाचा अर्थ मागून लागला. तुम्ही त्याच्या बाजूनं हात वर करता.

इ.स.पू. 480, सप्टेंबर. अक्रोपोलिसवर देवळाचे कारभारी आणि काही गरीब माणसं मागं राहिलीत. दारं-फळ्या ठोकून त्यांनी आपला लाकडी तट उभारलाय. इराणी समोरच्या टेकडीवरून पेटते बाण सोडतात आणि तो तट भडकतो.

तुम्ही सालामिसच्या चिंचोळ्या पाण्यात वल्हं मारताय. इराण्यांची जहाजं एकमेकांवरच आदळताहेत. बुडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पोहता येतं.

जिंकल्यावर लुटीतला हिस्सा डेल्फीला जातो. त्यातून बारा हात उंच पुतळा घडतो, हाती जहाजाची नाळ धरलेला. ग्रीक अदबीनं विचारतात, देवा, पावलं ना? उत्तर येतं: बाकीच्यांचं पावलं, एजिना बेटवाल्यांकडून येणं आहे. या खेपेला उलगडा करायला कोणालाही बोलवावं लागत नाही.