ख्वाजा अहमद अब्बास : त्यांचे चित्रपट आणि त्यामागची तालीम

अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट कोणता, असं वर्गात विचारलं की दोनतीन हात लगेच वर होतात. 'सात हिंदुस्तानी'. पण तो काढला कोणी, असं विचारलं की वर्ग गप्प. राज कपूर यांचा 'आवारा' लिहिला कोणी, 'श्री ४२०' कोणी, 'बॉबी' कोणी, हे विचारलं तर मुलंच काय, स्टाफरूममधली मंडळीही एकमेकांकडे बघतात. या सगळ्याचं उत्तर एकच आहे, ख्वाजा अहमद अब्बास. उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिणारा हा माणूस १९३५ पासून मरेपर्यंत मुंबईत राहिला. त्यामुळे आपल्या घरातल्या मुलांना त्यांची निदान तोंडओळख तरी असावी, म्हणून हा लेख.

सिनेमा पाहावा की नाही, याबद्दल आपल्याकडे घराघरात वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात आम्ही इथे पडत नाही. एका लिहित्या माणसाच्या कामाची माहिती म्हणून हे वाचावं.

अब्बास यांचा जन्म ७ जून १९१४ चा, पानिपतचा. 'मुसद्दस' लिहिणारे मौलाना अल्ताफ हुसैन हाली हे त्यांचे पणजोबा. हालींचा इंतकाल त्याच वर्षी, १९१४ मध्ये झाला. म्हणजे पणजोबांची सोबत मिळाली नाही, पण घर त्यांच्याच विचारांवर चाललेलं होतं. सर सय्यद यांच्या अलीगढ चळवळीत हाली पुढे होते. त्यांनी विधवांच्या दुःखावर लिहिलं, मुलींच्या तालिमीवर लिहिलं. शायरी ही लोकांच्या कामी आली पाहिजे, सुधारणेसाठी वापरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. अब्बास यांचे चित्रपट पाहताना हा आग्रह पदोपदी दिसतो. त्याचे फायदे दिसतात आणि तोटेही दिसतात, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

शाळा पानिपतच्या हाली मुस्लिम हायस्कूलमध्ये झाली, मग अलीगढ. तिथून १९३३ ला बी. ए. आणि १९३५ ला एलएल. बी. वकिली केली नाही. मुंबईत येऊन 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रीय विचारांच्या दैनिकात नोकरी धरली आणि तिथे चित्रपटांची परीक्षणं लिहू लागले. 'लास्ट पेज' हे त्यांचं सदर तिथेच सुरू झालं. पुढे ते 'ब्लिट्झ' साप्ताहिकात गेलं आणि १९८७ पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं चाललं. उर्दू 'ब्लिट्झ'मध्ये तेच सदर 'आज़ाद क़लम' नावाने येई. आपल्यातल्या जुन्या वाचकांना ते नक्की आठवत असेल.

परीक्षक म्हणून त्यांच्यावर ज्यांचा ठसा उमटला, त्यांत आपले व्ही. शांताराम होते. 'प्रभात'चा 'माणूस', हिंदीत 'आदमी', हा अब्बास यांच्या अतिशय आवडीचा चित्रपट. त्याबरोबर गांधींची साधी राहणी, नेहरूंचा समाजवाद आणि सोव्हिएत चित्रपटांतली सामान्य माणसांची गर्दी, हे सगळं त्यांच्यात मुरलं. शांताराम यांच्याबरोबर काम करायची संधीही मिळाली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्यावर अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावरूनच शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) झाला. पटकथेला जोडीदार होते व. प. साठे, म्हणजेच वसंत साठे. पानिपतचा मुसलमान आणि एक मराठी माणूस यांची ही जोडी पुढेही टिकली. 'आवारा' आणि 'श्री ४२०' या दोन्हींच्या श्रेयनामावलीत दोघांची नावं आहेत.

१९४६ हे वर्ष त्यांच्यासाठी मोठं ठरलं. त्याच वर्षी चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' आला. त्याच्या लेखनात अब्बास होते आणि कान महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला. आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला, 'धरती के लाल'. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचा हा चित्रपट इप्टा या नाट्यसंघटनेने काढला. बलराज साहनी, शंभू मित्र, तृप्ती मित्र असे रंगभूमीवरचे लोक त्यात आहेत, संगीत रविशंकर यांचं आहे. गाव सोडून कलकत्त्याच्या फुटपाथवर आलेलं शेतकरी कुटुंब त्यात दिसतं. हिंदी पडद्यावर भूक इतकी उघडी त्याआधी क्वचितच दिसली असेल.

१९५१ मध्ये त्यांनी 'नया संसार' ही स्वतःची संस्था काढली. इथून पुढे त्यांचं काम दोन वाटांनी चाललं. राज कपूरसाठी लिहायचं, त्यातून जे पैसे मिळतील ते स्वतःच्या चित्रपटात घालायचे. राज कपूरचे चित्रपट चालायचे, स्वतःचे बहुतेक आपटायचे. तरी हा उद्योग त्यांनी तीसेक वर्षं सोडला नाही.

दोन्ही वाटांवरच्या गोष्टींत एक प्रश्न मात्र सारखा येतो. माणूस कोणाच्या पोटी जन्मला, यावरून तो कसा निघेल हे ठरतं का? 'आवारा'तले न्यायाधीश रघुनाथ यांचा तसा पक्का समज असतो, आणि त्यांचाच मुलगा झोपडपट्टीत वाढून चोर होतो. 'अनहोनी' (१९५२) हा 'नया संसार'चा चित्रपट, त्यात नर्गिस यांची दुहेरी भूमिका आहे. एकाच बापाच्या दोन मुली लहानपणी बदलल्या जातात. हक्काची मुलगी कोठ्यावर वाढते, दुसरी प्रतिष्ठित घरात. कोण कशी झाली याचं उत्तर रक्तात सापडत नाही, वाढवण्यात सापडतं. शिक्षक म्हणून आम्हाला हा मुद्दा फार जवळचा वाटतो. "त्या मोहल्ल्यातलं पोरगं आहे, काय अपेक्षा ठेवणार", "त्या बिरादरीचे असेच", ही वाक्यं आम्ही शाळेत ऐकली आहेत. खरं सांगायचं तर आपल्याच लोकांच्या तोंडून ती जास्त ऐकली आहेत.

बाकीच्या चित्रपटांची नोंद थोडक्यात करतो. 'राही' (१९५३) मुल्कराज आनंद यांच्या कादंबरीवरून, चहाच्या मळ्यातल्या मजुरांवर. 'मुन्ना' (१९५४) एका लहान मुलाची गोष्ट, आणि त्या काळात त्यात एकही गाणं नव्हतं, ही धाडसाचीच गोष्ट म्हणायची. 'परदेसी' (१९५७) भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून काढलेला. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन त्याचा नायक आहे. हा निकितिन आपल्या कोकणात चौलला उतरला होता आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला होता, हे कोकणातल्या वाचकांनी मुलांना जरूर सांगावं. 'चार दिल चार राहें' (१९५९) मध्ये मीनाकुमारी यांनी दलित मुलीची भूमिका केली. 'शहर और सपना' (१९६३) मुंबईत घर न मिळाल्याने मोठ्या पाइपात संसार थाटणाऱ्या जोडप्यावर आहे. त्याला त्या वर्षीचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. 'आसमान महल' (१९६५) हैदराबादच्या एका नवाबावर, जो बदललेला जमाना मान्य करत नाही. पृथ्वीराज कपूर यांनी तो नवाब उभा केला आहे. मुसलमान घर पडद्यावर दाखवायचं म्हणजे मुशायरा, चिलमन आणि शेरवानी, या ठरलेल्या साच्यापेक्षा हा चित्रपट वेगळा आहे. ऐटीखालची पडझड तो दाखवतो. 'दो बूँद पानी' (१९७१) राजस्थानच्या कालव्यावर. 'द नक्सलाइट्स' (१९८०) मध्ये मिथुन चक्रवर्ती आणि स्मिता पाटील.

आता 'सात हिंदुस्तानी' (१९६९). यावर जरा थांबायला हवं.

गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धची ही गोष्ट. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. त्याआधी देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले सहा तरुण आणि गोव्याची मारिया मिळून तिथल्या किल्ल्यांवर, इमारतींवर तिरंगा फडकवतात. काही वर्षांनी मारिया इस्पितळात आहे, शस्त्रक्रिया व्हायची आहे, आणि ती जुन्या साथीदारांना बोलावते. पण दरम्यान हे साथीदार भाषेच्या आणि प्रांताच्या भांडणांत अडकलेले असतात.

अब्बास यांनी खरी गंमत केली ती नट निवडताना. जो ज्या प्रांताचा किंवा धर्माचा, त्याला ती भूमिका द्यायचीच नाही. अलाहाबादच्या हिंदू घरातले अमिताभ बच्चन झाले बिहारचे मुसलमान शायर अन्वर अली. बंगालचे उत्पल दत्त झाले पंजाबी शेतकरी. केरळचे मधू झाले बंगाली. मेहमूद यांचे भाऊ, ज्यांचं खरं नावच अन्वर अली, ते झाले शर्मा. इर्शाद अली झाले तमिळ महादेवन. मारिया झाल्या शहनाज. आणि विनोदी नट आगा यांचा मुलगा जलाल आगा झाला मराठी लोककलावंत सखाराम शिंदे.

हे वाचायला मजेशीर वाटतं. पण यात आपल्यासाठी काय आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलली. बोलली सुंदर. बक्षीस देताना परीक्षक कौतुकाने म्हणाले, "मुसलमान असून मराठी किती शुद्ध!" मुलगी हसली. परत येताना गाडीत मात्र तिने विचारलं, "सर, मग आपण कुठले?" पिढ्यान्‌पिढ्या कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात राहून, घरात आणि बाजारात मराठी बोलून हा प्रश्न आपल्या मुलांना पडतो. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर सुचलं नाही. 'सात हिंदुस्तानी' पाहिला तेव्हा सखाराम शिंदेच्या भूमिकेत जलाल आगा दिसले आणि वाटलं, हे त्या मुलीला दाखवायला हवं होतं. पडद्यावर कोणालाही शंका येत नाही की हा माणूस मराठी नाही. चेहऱ्यावर जात, धर्म, प्रांत लिहिलेला नसतो, हे भाषण न देता, नुसत्या नटांच्या निवडीतून अब्बास यांनी दाखवलं.

या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गीतांसाठी कैफी आज़मी यांनाही मिळाला. तिकीटबारीवर फारसं काही झालं नाही. अमिताभ यांना पाच हजार रुपये मानधन होतं. आधी ती भूमिका टीनू आनंद करणार होते, पण ते सत्यजित राय यांच्याकडे शिकायला गेले आणि जागा रिकामी झाली. हा उंच मुलगा कवी हरिवंशराय बच्चन यांचा आहे हे कळल्यावर अब्बास यांनी आधी वडिलांची परवानगी मागवली, मगच करार केला. हा किस्सा प्रसिद्ध आहे आणि त्यांच्या स्वभावाला शोभतो.

याच काळात ते सर्वोच्च न्यायालयातही लढत होते. 'चार शहर एक कहानी' हा त्यांचा सोळा मिनिटांचा लघुपट. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी ठेवलेली. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही क्षणांची दृश्यं होती, म्हणून सेन्सॉरने फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. सर्वांसाठी हवं असेल तर ती कापा, असं सांगितलं. अब्बास यांनी न कापता याचिका केली. सुनावणी चालू असताना सरकारने कात्री न लावता प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. यांनी याचिका दुरुस्त करून मुळातल्या सेन्सॉरशिपलाच आव्हान दिलं. २४ सप्टेंबर १९७० ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. चित्रपट आधी तपासणं घटनेत बसतं, असं न्यायालय म्हणालं, म्हणजे त्या अर्थाने अब्बास हरले. पण कामवासना आणि अश्लीलता नेहमी एकच नसते, नियम स्पष्ट हवेत आणि सेन्सॉरच्या निर्णयावर दाद मागायची सोय हवी, हेही त्यातच आलं. पुढे १९८३ मध्ये चित्रपटांसाठी अपील न्यायाधिकरण सुरू झालं. २०२१ मध्ये ते बंद करण्यात आलं, आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना हा खटला आजही अभ्यासाला असतो.

आता उणिवाही सांगायला हव्यात. अब्बास यांच्या चित्रपटांत भाषणं फार. पात्र बोलतं आहे की 'लास्ट पेज'चं सदर वाचतं आहे, असं बऱ्याचदा वाटतं. पैसे कमी, त्यामुळे दृश्यं घाईत उरकलेली. त्यांचीच गोष्ट राज कपूर यांच्या हातात गेली की तिला गाणी, प्रकाश, अभिनय यांची साथ मिळते आणि ती पार रशियापर्यंत पोचते. स्वतःच्या हातात राहिली की ती तळमळीची पण कोरडी राहते. हालींच्या घरातला आग्रह इथे आडवा येतो, असं आम्हाला वाटतं. सुधारणा आधी, रंजन मागून. कथाकार अब्बास मात्र असे नाहीत. त्यांची 'अबाबील' ही उर्दू कथा वाचा. एका कठोर शेतकऱ्याचं मन पाखरांसाठी कसं हलतं, हे त्यात एकही उपदेश न करता आलं आहे.

'आय ॲम नॉट ॲन आयलंड' हे त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र १९७७ चं. १ जून १९८७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. राज कपूर यांच्यासाठी लिहिलेला 'हिना' त्यानंतर १९९१ मध्ये, रणधीर कपूर यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला.

घरी मुलांबरोबर पाहायचं असेल तर आमच्या मते सुरुवात 'आवारा'ने करावी, कारण तो कंटाळवाणा होत नाही. मग आठवी-नववीच्या मुलांना 'सात हिंदुस्तानी' दाखवावा, आणि आधी कोणता नट कोणाची भूमिका करतो आहे ते सांगू नये. चित्रपट संपल्यावर विचारावं, यांच्यातला मराठी कोण?