नियमांनी जोडलेली मैदाने : अहिल्यानगर जिल्ह्यातील शालेय खो-खो व कबड्डीची पूर्वपीठिका

शालेय क्रीडा स्पर्धांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांतून आणि चषकांच्या यादीतून सांगितला जातो. परंतु ज्या नियमांमुळे एकमेकींना कधीही न पाहिलेल्या दोन शाळांची मुले एकाच मैदानावर समान हक्काने उभी राहू शकतात, त्या नियमांच्या घडणीकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचा विस्तार सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला कळसूबाईच्या पायथ्याचा पावसाळी अकोले तालुका, मध्ये प्रवरा आणि गोदावरीच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा आणि दक्षिणेला कर्जत-जामखेडचा अवर्षणप्रवण माळ अशा तीन भिन्न प्रकृतींचे चौदा तालुके या जिल्ह्यात येतात. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील शाळांना एका स्पर्धेत आणणे शक्य झाले, यामागे मराठी मुलखातील व्यायामसंस्थांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत केलेले नियमबांधणीचे काम आहे, आणि खो-खो व कबड्डी या दोन खेळांच्या वाटचालीत ते सर्वांत स्पष्टपणे दिसते.

हे खेळ अर्थातच नियमपुस्तिकांहून पुष्कळ जुने आहेत. तुकारामांच्या गाथेत हमामा, हुंबरी, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी अशा खेळांवर रचलेले अभंग आढळतात, यावरून सतराव्या शतकात हे खेळ श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे होते आणि त्यांच्या आधारे परमार्थ सांगता येत होता, असे निश्चितपणे म्हणता येते. मात्र अशा लोकखेळांचे नियम गावोगावच्या वहिवाटीत असत. मैदान किती लांब, गडी किती आणि बाद झालेल्याने पुढे काय करावे, हे जागेवरच ठरे आणि वाद झाला तर जाणत्या माणसाचा शब्द प्रमाण मानला जाई. आज कबड्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुतुतूचेच तीन प्रकार प्रचलित होते. प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बाद गडी पुन्हा मैदानात येई तो संजीवनी, संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाद गड्याला बाहेरच बसावे लागे तो गामिनी, आणि कोणीही बाहेर न जाता नुसते गुण मोजले जात तो अमर. एका गावात संजीवनी आणि शेजारच्या गावात गामिनी खेळली जात असेल, तर त्या दोन गावांचा सामना सुरू होण्याआधीच तंटा उभा राहणार, हे उघड आहे.

ही अडचण महाराष्ट्रापुरती नव्हती. इंग्लंडमध्ये प्रत्येक नामांकित शाळेचा फुटबॉल वेगळा असल्याने विद्यापीठात एकत्र आलेल्या विद्यार्थ्यांना १८४८ मध्ये केंब्रिज येथे सामाईक नियम तयार करावे लागले आणि १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने त्यांना व्यापक रूप दिले. स्कॉटलंडमध्ये गोठलेल्या तळ्यांवर घडीव दगड सरकवून खेळला जाणारा कर्लिंग हा खेळही गावोगावच्या मंडळांत विखुरलेला होता. १८३८ मध्ये ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाल्यावर त्याला एकसारखे नियम मिळाले. मराठी मुलखातही हीच गरज होती, परंतु तिला आणखी एक धार होती. क्रिकेट, फुटबॉल आणि हॉकी हे खेळ छापील नियमांसह भारतात आले होते आणि त्यामुळे ते शाळांच्या वेळापत्रकात सहज बसत होते. देशी खेळांना लिखित नियम नसल्याने ते फावल्या वेळेचे मानले जात होते. देशी खेळांना नियमबद्ध करणे हे म्हणूनच त्या काळी राष्ट्रीय शिक्षणाच्या विचाराशी जोडलेले काम होते.

या कामाचा प्रारंभ पुण्यात झाला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने नेमलेल्या समितीने १९१४ मध्ये खो-खोचे पहिले नियम तयार केले. बसलेल्या गड्यांच्या रांगेतून पाठलाग करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या धावपटूला गाठायचे, आणि स्वतः गाठता येत नसेल तर बसलेल्या सहकाऱ्याला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ असा उच्चार करत पाठलाग त्याच्याकडे सोपवायचा, हे या खेळाचे मूळ सूत्र आहे. १९१९ मध्ये मैदान लंबवर्तुळाकार ठरवून मध्यरेषेची लांबी ४४ यार्ड आणि रुंदी १७ यार्ड निश्चित करण्यात आली. आजचे आयताकृती मैदान आणि दोन टोकांचे खांब ही पुढील सुधारणांची देणगी आहे. शालेय इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वर्ष १९२३-२४ हे होय, कारण त्या सुमारास आंतरशालेय स्पर्धांचा पाया घातला जाऊन खो-खोचा त्यांत समावेश झाला आणि डेक्कन जिमखान्याबरोबर बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानेही या प्रसाराला बळ दिले. इंग्लंडमध्ये शाळांच्या खेळांतून मोठ्यांच्या संस्थांचे नियम निघाले, तर मराठी मुलखात मोठ्यांच्या व्यायामसंस्थांनी नियम लिहून ते शाळांच्या हाती दिले. हा क्रमभेद ध्यानात घेतल्यावाचून इथल्या शालेय स्पर्धांचे स्वरूप समजत नाही.

कबड्डीच्या बाबतीतही १९२३ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी विशेष समितीने सुधारलेले नियम बडोद्यातील अखिल भारतीय स्पर्धेत प्रत्यक्ष वापरले गेले, आणि संजीवनी व गामिनी यांतील तत्त्वांची सांगड घालून एक सर्वमान्य खेळ आकाराला येऊ लागला. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केल्यावर आपला एक गडी परत येतो ही संजीवनीची रीत त्यात टिकली, तर संपूर्ण संघ बाद झाल्यास प्रतिपक्षाला ‘लोण’ म्हणून दोन जादा गुण देण्याची आजची तरतूद सगळा संघ बाद करण्याच्या जुन्या ईर्ष्येला सामावून घेते. पुढे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांचे संकलन हाती घेऊन १९३५ मध्ये त्यांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, आणि त्याच वर्षापासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेल्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड क्रमाने प्रसिद्ध होऊ लागले. ही सारी कामे सरकारी आदेशाने नव्हे, तर वर्गणी आणि निष्ठा यांच्या बळावर चालणाऱ्या मंडळांनी केली, ही गोष्ट विशेष आदराने नोंदवण्याजोगी आहे.

छापलेला नियम खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र तो जाणणारा शिक्षक आवश्यक होता. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आल्यावर स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाचा विचार करणारी समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. अशा संस्थांतून तयार झालेल्या शिक्षकांमुळे माध्यमिक शाळेत ‘पी.टी.चे सर’ हे पद रूढ झाले. नगर जिल्ह्यात हा शिक्षक खेड्यापर्यंत पोहोचला तो शिक्षणप्रसाराच्या मोठ्या लाटेबरोबर. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांत उभ्या राहिल्या, आणि सहकारी साखर कारखानदारीच्या आश्रयाने १९६४ मध्ये स्थापन झालेल्या प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी उसाच्या पट्ट्यात शिक्षणाचे जाळे विणले. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा पुरतात, तर कबड्डीला तेवढेही साहित्य लागत नाही. त्यामुळे इमारत अपुरी असलेल्या शाळेलाही या खेळांचा संघ उभा करता येत असे, आणि हेच त्यांच्या ग्रामीण प्रसाराचे मुख्य कारण होय.

स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या प्रयत्नांना प्रशासकीय चौकट मिळाली. १९५४ मध्ये भारतीय शालेय खेळ महासंघाची स्थापना झाली, आणि १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय अस्तित्वात आल्यावर शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी चढती उतरंड पक्की झाली. महसुली व्यवस्थेत नाशिक विभागात मोडणारा अहिल्यानगर जिल्हा शालेय परीक्षांप्रमाणे क्रीडा स्पर्धांसाठीही पुणे विभागात गणला जातो, त्यामुळे जिल्ह्याच्या विजेत्या संघाला पुणे आणि सोलापूरच्या संघांशी झुंजावे लागते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे मुलामुलींचे वयोगट या व्यवस्थेचा कणा आहेत. पाथर्डी किंवा श्रीगोंद्याच्या शाळेचा संघ तालुक्यात जिंकून नगर शहरातील वाडिया पार्क या मैदानावर येतो, तेव्हा गुण मोजण्यापासून पंचांच्या खुणांपर्यंत सर्व काही त्याच्या ओळखीचे असते. १९१४ पासून सुरू झालेल्या कामाचे हे प्रत्यक्ष फळ होय.

या नियमांच्या तपशिलात शिरल्यास त्यांमागची दृष्टी अधिक स्पष्ट होते. कबड्डीत सात गडी मैदानात आणि पाच राखीव असतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते. चढाई म्हणजे ‘कबड्डी’ हा उच्चार एका दमात करीत प्रतिपक्षाच्या भागात जाणे. त्या वेळी चढाईपटूने प्रतिपक्षाच्या भागातील ‘निदान रेषा’ ओलांडली नाही, तर तो स्वतः बाद ठरतो. मैदानाच्या दोन्ही कडांची लॉबी, म्हणजे राखीव पट्टा, झटापट सुरू झाल्यानंतरच खेळात धरला जातो. या खेळाचे सर्वांत विवेकी कलम वजनाचे आहे. कबड्डी महासंघाच्या स्पर्धांत किशोर-किशोरी आणि कुमार-कुमारी गटांसाठी वजनाची मर्यादा आहे, कारण पकडीच्या खेळात दांडग्या मुलाने किरकोळ मुलाला केवळ भाराने दडपू नये, ही जबाबदारी नियमाने स्वतःकडे घेतली आहे. खो-खोतही लहान गटासाठी मैदानाचे माप आणि डावाचा वेळ कमी ठेवला आहे. आठ गडी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो; त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. या दोन बंधनांमुळेच नुसत्या वेगापेक्षा सहकाऱ्याला नेमक्या क्षणी खो देण्याची जाण श्रेष्ठ ठरते. मुलींसाठीही खेळाचे मूळ नियम हेच असल्याने माध्यमिक शाळेतील मुलीला सार्वजनिक मैदानावर हक्काने धावता आले, आणि ग्रामीण समाजाच्या इतिहासात ही घटना लहान नाही.

काळाच्या ओघात खेळाच्या नियमांइतकेच पात्रतेचे नियमही महत्त्वाचे बनले. इयत्ता दहावी व बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण मिळू लागल्याने शालेय प्रमाणपत्राला जीवनातील संधीचे मोल आले. साहजिकच जन्मतारखेचा दाखला, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांची सही यांची तपासणी कसून होऊ लागली. कोणाला हा कागदांचा काच वाटेल. परंतु वयाची लबाडी झाली तर तिची किंमत नियमाने खेळलेल्या दुसऱ्या मुलाला मोजावी लागते, आणि सामान्य शेतकऱ्याच्या किंवा ऊसतोड मजुराच्या घरातील मुलाकडे अन्याय निस्तरण्याचे दुसरे साधन नसते. त्याचे रक्षण पात्रतेचे नियमच करतात.

अलीकडच्या काळात या परंपरेला जिल्ह्यात ठसठशीत फळे आली आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय कबड्डी संघात होता, आणि मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद मिळवणाऱ्या पुणेरी पलटण संघाचे नेतृत्वही त्याने केले. त्याच मार्च महिन्यात पुरुषांची ७०वी वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा वाडिया पार्कवर भरली. जिल्ह्याबाहेर पाहिले तर, जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजय मिळवला, आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचेच खेळाडू होते.

या यशाबरोबर खेळ मातीवरून मॅटवर गेला आहे. मॅटवरील पकड, घसरण आणि बुटांची सवय मातीवर सराव करून येत नाही, त्यामुळे ज्या शाळेकडे मॅट नाही तिची मुले वरच्या पातळीवर पोहोचताच मागे पडण्याचा धोका निर्माण झाला आहे. कमी साधनांत खेळता येणे हा ज्या खेळांचा मूळ गुण, त्यांतच साधनांची विषमता शिरणे हे नियमकर्त्यांच्या मूळ हेतूशी विसंगत आहे. जुन्या मंडळांनी नियम लिहिले तेव्हा गावागावांतील रीतींचा भेद मिटवणे हे त्यांचे काम होते. आज शाळाशाळांतील साधनांचा भेद कमी करणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल ठरते. प्रत्येक तालुक्यात शाळांना वापरता येईल असे किमान एक सामाईक मॅटचे मैदान आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ शारीरिक शिक्षक, या दोन गोष्टी झाल्या, तर अकोले तालुक्यातील मुलगी आणि जामखेडचा मुलगा यांना नियमपुस्तिकेने कागदावर दिलेली समानता मैदानावरही पूर्णपणे मिळेल.