विद्युत् रोधकता सर्वेक्षण

जमिनीत विद्युत् प्रवाह सोडून खालचे थर त्याला किती रोध करतात ते मोजायचे आणि त्यावरून त्या थरांची जाडी व स्वरूप ताडायचे, अशी भूभौतिकीतील एक पद्धत. भूजलाचा शोध, धरणाच्या पायाखालच्या कातळाची खोली, खनिजांचा माग अशा कामांत ती वापरतात.

खडकातील बहुतेक खनिजे विजेची दुर्वाहक असतात. प्रवाह वाहतो तो मुख्यतः छिद्रांतल्या आणि भेगांतल्या क्षारयुक्त पाण्यातून. चिकणमाती, ग्रॅफाइट व काही धातुखनिजे हे अपवाद. त्यामुळे एकाच जातीचा खडक कोरडा, ओला की कुजलेला यानुसार त्याची रोधकता कित्येक पटींनी बदलते. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे ०.२ ओहम-मीटर, तर अभंग बेसाल्टची शेकडो ते हजारो ओहम-मीटर असते.

फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जर यांनी १९१२ मध्ये या पद्धतीचे क्षेत्रप्रयोग सुरू केले. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी त्याच दशकात समान अंतरावरील चार अग्रांची मांडणी सुचवली. दोघांच्या नावांच्या मांडण्या आजही रूढ आहेत.

चार पोलादी खुंट्या, म्हणजेच अग्रे, एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात, आतल्या दोहोंमधील विद्युत् दाब मोजतात. उन्हाळ्यात जमीन इतकी सुकलेली असते की खुंट्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतल्याखेरीज प्रवाह नीट उतरत नाही. वेनर मांडणीत दाबाला प्रवाहाने भागून, येणाऱ्या संख्येला दोन खुंट्यांमधील अंतराने व ६.२८ ने गुणले की रोधकता मिळते. मात्र ती अनेक थरांचा एकत्रित परिणाम दाखवते, म्हणून तिला भासमान रोधकता म्हणतात. खुंट्या दूर नेत गेले की प्रवाह खोल शिरतो आणि वाचनांचा आलेख तयार होतो. श्लुंबर्जर मांडणीत बहुतेक वेळा बाहेरच्याच खुंट्या हलवाव्या लागत असल्याने मेहनत वाचते. लोखंडी कुंपण, जलवाहिनी किंवा विजेच्या तारा जवळ असल्या की वाचने बिघडतात.

महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या दक्खनच्या बेसाल्टात ही पद्धत फार उपयोगी, आणि तितकीच फसवीही. लाव्ह्याच्या थराचा माथा सहसा सच्छिद्र, खालचा भाग घट्ट. मुरूम आणि भेगाळ खडक पाणी धरतात व त्यांची रोधकता कमी येते. पण दोन थरांमधली तांबडी माती चिकण असते. तिचीही रोधकता कमीच येते, पाणी मात्र ती फारसे देत नाही. अशा जागी आकडा चांगला म्हणून घेतलेली बोअर कोरडी निघू शकते. पाणाड्याच्या नारळापेक्षा यंत्राचा आधार भक्कम, पण यंत्र पाणी दाखवत नाही, रोधकता दाखवते.

शिवाय पातळ सुवाहक थर आणि जाड पण कमी सुवाहक थर यांचे आलेख जवळपास सारखे येऊ शकतात. म्हणून शेजारच्या विहिरीतील थर आधी पाहून आलेखाचा अर्थ लावतात. अलीकडे संगणकाला जोडलेल्या डझनावारी अग्रांनी जमिनीचा उभा छेद काढता येतो. तरी हा दुहेरी अर्थ पुरता टळत नाही. किनाऱ्यालगत खारे पाणी आणि चिकणमाती यांचे आकडे सारखेच दिसतात; तेथे विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासूनच निर्णय करतात.