वाडा नक्की कशाने पडला?

वालूरला (ता. सेलू) बाहेरून लोक येतात ते चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला. पडक्या वाड्याकडे कुणी वळत नाही. दगडी चौकट उभी, आत बाभळी. 'भावकीच्या भांडणात गेला,' असं सांगतात. मला ते अर्धंच वाटतं.

मराठवाड्यातला जुना वाडा म्हणजे माळवद. सागवानी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात गवत उपटून नवी माती टाकावी लागते. काही पावसाळे हे चुकलं की पाणी मुरतं, तुळई कुजते. म्हणजे मेंटेनन्सला सतत माणसं हवीत. ती वतनाच्या जोरावर मिळायची, बऱ्याचदा फुकट.

तो जोर एका दिवसात गेला नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ च्या जिल्हाबंदीत देशमुख-देशपांड्यांकडची वसुली सरकारी नोकरांकडे दिली. त्यांच्या हाती रोख रुसूम उरला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले, मग १९६१ चा सीलिंग कायदा. हक्काचा गडी राहिला नाही. शिकलेली पोरं परभणी, पुण्याला गेली (मीही त्यातलाच). भावकी भांडली ती छप्पर गळायला लागल्यावर.

तुळयांवरची नक्षी गेली याचं मला वाईट वाटतं. पण तिथे फुकट राबलेल्यांच्या नातवंडांना ते का वाटावं? ढिगाऱ्यातली पांढरी माती लोक टोपल्यांनी नेतात, आपापल्या माळवदावर टाकायला.