१५४ सामने, १३४ पराभव : दोष कोणाचा?

१/ संघ हरू लागला की चाहते खेळाडूंच्या नावाने बोटे मोडतात. १८९९ साली क्लीव्हलँड स्पायडर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने १५४ पैकी १३४ सामने गमावले. मेजर लीगच्या एका हंगामात इतके पराभव आजवर दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत.

२/ विशेष म्हणजे आदल्याच वर्षी याच संघाने ८१ सामने जिंकले होते. मग वर्षभरात घडले काय?

३/ संघाचे मालक होते रॉबिसन बंधू. क्लीव्हलँडमध्ये पुरेसे प्रेक्षक येत नाहीत, ही त्यांची तक्रार. १८९९ मध्ये त्यांनी सेंट लुईसचा संघही विकत घेतला. एका मालकाने दोन संघ बाळगण्यास तेव्हा मज्जाव नव्हता. साय यंग, जेसी बर्केट यांसारखे मोहरे त्यांनी तिकडे धाडले.

४/ प्रेक्षकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ सामन्यांना मिळून जेमतेम ६,००० लोक आले. तिकिटांच्या वाट्यातून प्रवासखर्चही निघेना, म्हणून पाहुणे संघ येईनासे झाले. स्पायडर्सना ११२ सामने परगावी खेळावे लागले.

५/ हंगामानंतर नॅशनल लीगने १२ पैकी ४ संघ वगळले. क्लीव्हलँड त्यांपैकी एक. इतके करून सेंट लुईसही पाचव्याच स्थानी राहिले.

६/ रिकाम्या मैदानाचे कारण देऊन मालकांनी संघ पोखरला आणि त्यामुळे मैदान आणखी ओस पडले. पराभवांची नोंद मात्र उरलेल्या खेळाडूंच्या नावावर झाली. म्हणून आकडेवारी वाचताना, मैदानात कोण हरले याआधी तो संघ कोणी आणि कशासाठी तसा उभा केला, हे पाहावे.