विणलेल्या टोपीची किंमत

बाजार हा फारसी शब्द आपल्याकडे इतका रुळला की आता तो परका वाटतच नाही. तोच शब्द इंग्रजांनीही उचलला आणि थेट लंडनला नेला. 1816 साली तिथल्या सोहो भागात जॉन ट्रॉटर या गृहस्थाने 'सोहो बाजार' उघडला. सैन्याला माल पुरवून त्याने पैसा केला होता. नेपोलियनबरोबरची युद्धं नुकतीच संपली होती आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या विधवा नि मुली घरी बसून भरतकाम, विणकाम, लेस करत होत्या. दुकान काढण्याइतकं भांडवल त्यांच्यापाशी नव्हतं. ट्रॉटरने त्यांना एका मोठ्या इमारतीत टेबलाएवढी जागा रोजच्या भाड्याने दिली. भाडं भरा, आपला माल विका आणि पैसे घरी न्या, असा साधा हिशेब होता.

पुढच्या काही वर्षांत या बाजाराचं रूप पालटलं. चर्च, दवाखाने, अनाथालयं यांच्यासाठी निधी जमवायला सुखवस्तू घरच्या बायका 'फॅन्सी फेअर' भरवू लागल्या. वस्तू त्याच राहिल्या, पण करणारीने त्या फुकट द्यायच्या आणि विक्रीचे पैसे संस्थेला जायचे. ही पद्धत झपाट्याने पसरली. तिच्यावर टीकाही तेव्हाच झाली. घरबसल्या फुकट केलेला माल स्वस्तात विकला गेला, तर शिवणावर पोट भरणाऱ्या गरीब बाईच्या मालाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

पुढे मिशनरी आणि साहेबांच्या मडमा यांच्याबरोबर ही पद्धत हिंदुस्थानात आली. शाळेत आपण ज्याला 'आनंद मेळा' म्हणत होतो, त्याची नाळ तिथपर्यंत जाते. हाताने केलेली वस्तू विकून करणारीला दाम मिळायचा की तिच्या हातून दान व्हायचं, हे दोन प्रवाह तेव्हापासून वेगवेगळे वाहत आले आहेत. आपल्या मुलखातही ते दोन्ही दिसतात.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. सुयांवरचं विणकाम मुळात आपलं नव्हे. लोकर मात्र आपली. नेसरीच्या पावसात भाताच्या रोपलावणीला खोळ करून डोक्यावर घेतलेलं घोंगडं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. ते धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. लोकर कातरायची, पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग मागावर घोंगडं विणायचं. ही लोकर जाडीभरडी. घोंगड्याला उत्तम, पण तान्ह्या बाळाच्या टोपीला टोचणारी. त्यामुळे स्वेटरसाठी लागणारी मऊ लोकर आपल्याकडे बाहेरूनच आली. कानपूरची 'लाल इमली' आणि पंजाबातली धारीवाल या लोकरीच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात निघाल्या. पुढे घरोघरी पोचली ती ॲक्रिलिकची स्वस्त 'लोकर'. तिच्यात मेंढीचा केसही नसतो, तरी आपण तिला लोकरच म्हणतो.

सुया आणि क्रोशा आपल्या बायकांच्या हाती आला तो मिशनच्या आणि मुलींच्या शाळांमधून. मुलीला शाळेत घालायला घरचे कां-कू करत, तेव्हा शिवण-विणकामाचा तास ही पालकांना पटणारी सबब होती. 'लिहायला वाचायला शिकून काय करायचंय?' असं म्हणणाऱ्या सासूलाही नातवासाठी विणलेलं झबलं आवडत असेच.

पण काहीजणींनी याच सुईकडे पोटाचं साधन म्हणून पाहिलं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. 1896-97 च्या दुष्काळानंतर केडगावात शेकडो निराधार मुली आणि बायका त्यांच्या आसऱ्याला आल्या. त्यांना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. मुक्ती सदनात शेती, विणकाम, शिवण आणि छापखाना अशी कामं बायका शिकल्या आणि करू लागल्या. रमाबाई रानडे यांनी 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदन सुरू केलं. त्यात गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्याबरोबर होते. प्रौढ वयात शिकायला आलेल्या, बऱ्याचदा विधवा असलेल्या बायकांसाठी तिथे लिहिण्यावाचण्याचे वर्ग होते, तसे शिवण-भरतकामासारख्या उद्योगांचेही होते आणि परिचारिका होण्याची वाटही होती. अशा ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनात विकली गेलेली वस्तू हा त्या बाईचा चार पैशांचा आधार होता. घरात तिच्या शब्दाला वजन येण्याची ती सुरुवात होती.

दुसरा प्रवाह दानाचा. तो आपल्या भागाला अधिक जवळचा, कारण त्याची वाट फौजेतून जाते. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार ज्या खिंडीत पडले, त्या खिंडीच्या गावचे आपण. बेळगावचं मराठा रेजिमेंटचं केंद्र आपल्याला जवळचं. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर फौजी पोशाखातला आजोबांचा, काकांचा, भावाचा फोटो आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्य सप्टेंबर 1914 च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलं आणि पाठोपाठ तिथला हिवाळा आला. त्या काळात मुंबई इलाख्यात 'वॉर अँड रिलीफ फंड' उभा राहिला. त्याच्या स्त्रियांच्या शाखेच्या प्रमुख होत्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन. या शाखेमार्फत बायकांनी शिवलेले, विणलेले कपडे सैनिकांसाठी रवाना होत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. 29 एप्रिल 1916 रोजी कुत-अल-अमारा इथे शरण जावं लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. वाळवंटातली थंडी काय असते हे त्या माणसांना तिथे कळलं.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत होत्या. तिथल्या लढायांत नाईक यशवंत घाडगे यांना आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा सन्मान मरणोत्तर होता. त्याही वेळी रेडक्रॉससाठी मोजे, मफलर, बनियन विणणं हे शहरांतल्या महिला मंडळांचं काम होतं.

या प्रवाहाला खरा पूर आला 1962 साली. 20 ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला. नेफाच्या डोंगरांत कित्येक जवान सुती कपड्यांत लढत होते, ही बातमी घराघरांत पोचली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तोंडोतोंडी झालं. बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला अंगावरचे दागिने दिले. गावोगाव महिला मंडळांत आणि मुलींच्या शाळांत जवानांसाठी स्वेटर विणले गेले. त्या स्वेटरला कुणी किंमत विचारली नाही आणि ते योग्यच होतं. डोंगरावर माणूस गारठत होता आणि हाताशी लोकर होती. तिथे हिशेब करणाऱ्याला आपणच नावं ठेवली असती.

अडचण पुढे झाली. संकटाच्या वेळी न मोजलेलं काम एरवीही मोजायचं नाही, असा रिवाज पडला. 'फावल्या वेळेतलं काम' हे त्याचं नाव. खरं तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासात याच्या उलट विचारही होऊन गेला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. मुलांच्या हातून होणारं काम इतकं चोख असावं की त्याच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, असा त्यांचा आग्रह होता. पगाराचा मुद्दा पुष्कळांना पटला नाही, पण मुलाच्या हातच्या कामाला बाजारभाव असतो हे त्यात गृहीत धरलेलं होतं. 1964-66 च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. वेळापत्रकावर मात्र कार्यानुभव हाच शब्द टिकला.

नव्वदच्या दशकात आपण जो कार्यानुभवाचा तास केला, तो या सगळ्याचा वारसा होता. दोन सुया, एक लोकरीचा गुंडा, 'एक सुलट, एक उलट' अशी बॉर्डर. निसटलेला टाका खालच्या ओळीतून वर कसा उचलायचा हे बाईंनी शिकवलं, ते हात अजून विसरलेले नाहीत. नावात 'उत्पादक' असलं तरी आपलं उत्पादन स्नेहसंमेलनाच्या दिवशी दोरीवर टांगलं जायचं आणि संध्याकाळी घरी परत यायचं. त्याला किती वेळ लागला हे कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही.

आज माझ्या नोकरीत दर पंधरा मिनिटांचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो. कुठलंही सॉफ्टवेअर करायला घेण्याआधी किती तास लागतील याचा अंदाज मांडावा लागतो आणि त्यावरच किंमत ठरते. तीच सवय मी विणकामाला लावून पाहिली. नवजात बाळाची टोपी म्हणजे सुईवर 64 टाके आणि साधारण 40 ओळी. वरचे कमी होत जाणारे टाके धरून एकूण 2800 च्या आसपास. सरावाचा हात मिनिटाला 20 टाके घालतो असं धरलं तर 2 तास 20 मिनिटं. मोठ्या माणसाच्या स्वेटरला पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळा मिळून सुमारे 43,000 टाके पडतात, म्हणजे 36 तास. ऑफिसच्या भाषेत हा जवळजवळ पूर्ण आठवडा झाला. समजा तासाला 50 रुपये धरले, तरी नुसत्या कामाचे 1800 रुपये होतात. लोकर वेगळी. असा स्वेटर आपण 'चांगल्या कामासाठी' म्हणून 400 रुपयांना विकतो, तेव्हा उरलेले 1400 रुपये आणि लोकरीचा खर्च विणणारीने दिलेला असतो. पावती मात्र 400 भरणाऱ्याच्या नावाने फाटते.

हे सगळं आत्ता सांगण्याला कारण आहे. या स्नेहमेळाव्यात हाताने विणलेल्या वस्तूंचा स्टॉल लावून ती रक्कम शाळेच्या मदतनिधीला द्यायची, असं आपलं ठरलं आहे. किमतीचा विषय निघाला तेव्हा 'लोकरीचे पैसे सुटले की झालं' असं बहुतेकांचं मत पडलं. वरचा इतिहास पाहिल्यावर मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर लोकरीचा खर्च आणि लागलेले तास दोन्ही लिहावेत आणि किंमत त्यावरून ठरवावी. निधीच्या हिशेबात विणणाऱ्या मैत्रिणीचं नावही देणगीदार म्हणून यावं, तिच्या तासांच्या किमतीसह.

दुसरी, स्टॉलची निम्मी जागा नेसरी आणि आसपासच्या बचत गटांच्या बायकांना द्यावी आणि त्यांच्या विक्रीचे सगळे पैसे त्यांचेच राहावेत. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे बचत गट वाढले, 'महालक्ष्मी सरस'सारखी प्रदर्शनं भरू लागली, तेव्हा सोहोच्या बाजारातली जुनी रीतच आपल्याकडे नव्याने रुजली. आपल्यापैकी ज्यांना दान परवडतं त्यांनी ते जरूर द्यावं. पण शेजारच्या टेबलावर जिचं घर त्या टोपीवर चालतं, तिच्यापेक्षा आपली टोपी स्वस्त असू नये.

तिसरी, जे विकलं जाणार नाही ते स्वस्तात काढू नये. नवजात बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे लवकर जाते, म्हणून जन्मल्यावर त्याला टोपी घालतात. गडहिंग्लजच्या सरकारी रुग्णालयात आधी विचारून, मऊ सुताच्या, धुऊन वाळवलेल्या टोप्या तिथे द्याव्यात. तिथे 1962 चा नियम लागू. किंमत विचारायची नाही.

ज्या बाईंनी आपल्याला टाके घालायला शिकवलं, त्यांनी स्टॉलवर थोडा वेळ बसावं अशी विनंती आहे. वस्तू विकायला नव्हे, किमती बरोबर लावल्या आहेत की नाही ते तपासायला. एक टाका निसटला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. तास लिहायला कुणी विसरलं असेल, तर तेही सुटणार नाही.